अमेरिकी शाळेचे सौंसरचे बडेबाबू

अमेरिकेच्या फौजेची मुलं कोणत्या वर्षी कोणत्या वर्गात होती, हे ठामपणे सांगू शकणारा माणूस सबंध पृथ्वीवर एकच होता, आणि तो मध्य प्रदेशातल्या सौंसरला, आमच्या समोरच्या घरात, संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांवर फळी टाकून केलेल्या टेबलाशी बसायचा. गार्गी, चिन्मय, तुम्ही हसाल. पण त्यातलं पानन् पान मी स्वतः टाइप केलेलं आहे, तेव्हा आजीच्या शब्दावर विश्वास ठेवा.

पांढुर्ण्याच्या एका हायस्कूलातून ते मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते, म्हणून सारं गाव त्यांना बडेबाबू म्हणायचं. नागपूरच्या पुढे ते कधी गेले नव्हते. तरुणपणी तिकिटं जमवण्याच्या नादात त्यांनी एका मासिकातून पत्रमैत्रीण मिळवली, ती मिस डोरा. जर्मनीत अमेरिकी फौजेचा एक तळ होता, तिथल्या सैनिकांच्या मुलांसाठी शाळा होती आणि मिस डोरा त्या शाळेची ग्रंथपाल होती. तिकिटं दोन वर्षांत मागे पडली, शाळा मात्र बडेबाबूंच्या डोक्यात जाऊन बसली. शिक्षण खात्याचा तपासनीस विचारील असे प्रश्न ते तिला विचारायचे. खोल्या किती? छपराला कौलं की पत्रा? शाळेला विहीर आहे का? आणि ती बिचारी तितक्याच गंभीरपणे उत्तरं धाडायची. युद्ध संपल्यावर एका पडक्या हॉटेलच्या जेवणघरात शाळा भरली, दारांच्या फळ्या काळ्या रंगवून त्यांचेच फळे केले, पहिल्या हिवाळ्यात शाई दौतीत गोठली, हे सगळं मला बडेबाबूंकडूनच कळलं. विहीर नव्हती, याचं त्यांना कायमचं वाईट वाटत राहिलं.

त्यांच्या बैठकीत भिंतीवर दोन घड्याळं होती, एक आपलं आणि एक जर्मनीचं, साडेचार तास मागे. लोधीखेड्याचा त्यांचा मेहुणा एकदा चुकीच्या घड्याळाकडे बघून आरामात पोहे खात बसला आणि त्याची छोटी गाडी, म्हणजे नॅरोगेजची आगगाडी, सुटली. तो चिडला तेव्हा बडेबाबू शांतपणे म्हणाले, "त्या घड्याळानं पाहता तू लय लवकर आला होता जी." मे महिन्यात, सौंसरची गच्ची तापून पाय ठेववत नसताना, ते रस्त्यावरून मोठ्यानं ओरडायचे, "वैनी! पत्र आलं! तिकडे कमरेइतका बर्फ पडला, पोट्ट्यायले तीन दिवस सुट्टी!" ते पत्र जानेवारीत लिहिलेलं असायचं, पण आनंद ताजा असायचा. तिकडच्या वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात ते जामसांवलीला हनुमानापुढे नारळ फोडत. काकू, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाली, "आमच्या पोरीच्या मॅट्रिकले यायनं नारळ नाई फोडला. अन् हे गोऱ्यायच्या पोट्ट्यायसाठी अनवाणी जाऊन राहिले."

पण खरा प्रकार होता तो दाखल-खारिजचा. आपल्याकडे प्रत्येक शाळेत हे रजिस्टर असतं. मूल शाळेत आलं की नोंद, गेलं की नोंद. मिस डोराच्या पत्रात ज्या ज्या मुलाचा उल्लेख येई, त्याची नोंद बडेबाबू लाल कापडाच्या बांधणीच्या रजिस्टरात करीत. नाव, वडिलांचा व्यवसाय, कुठून आला, कधी गेला, शाळा सोडण्याचं कारण. वडिलांचा व्यवसाय म्हणजे 'सैनिक', आणि खाली पानंच्या पानं 'वरीलप्रमाणे'. सोडण्याचं कारण 'वडिलांची बदली', आणि खाली पुन्हा तेच. मधल्या काही वर्षांत बाप व्हिएतनामला गेले आणि मुलं आयांबरोबर एकेक करून अमेरिकेला परतली. त्या पानांवर अक्षर बारीक झालेलं आहे. शेवटचा रकाना होता 'मूळ गाव', आणि तो पहिल्यापासून कोरा. मिस डोरानं कळवलं होतं की या मुलांना हा प्रश्न विचारला की ती गोंधळून एकमेकांकडे बघतात.

ऐंशीच्या दशकातली ती थंडी मला स्वच्छ आठवते. मी अंगणात संत्री निवडत होते, इतक्यात बडेबाबू पायात एकच चप्पल घालून धावत आले. हातात पत्र. मिस डोरा निवृत्त होऊन अमेरिकेला परतली होती. शाळेला चाळीस वर्षं होत होती, मे महिन्यात जुन्या विद्यार्थ्यांचा मोठा मेळावा भरणार होता आणि मुख्याध्यापकांना शाळेचा इतिहास हवा होता. पण तळघरातला पाइप फुटून जुनं दप्तर भिजून लगदा झालं होतं. सैनिकांच्या बदल्या, शिक्षकांच्याही बदल्या, तीन वर्षांपेक्षा जास्त तिथे राहिलेलं कुणीच नव्हतं. मिस डोरानं भीतभीत विचारलं होतं, माझी पत्रं तुम्ही चुकून जपून ठेवली आहेत का?

"चुकून!" बडेबाबू माझ्या संत्र्यांमध्येच बसले. "वैनी, चुकून म्हणते! बावीस वर्षायचे पत्र नंबर टाकून ठेवले म्या! तुमची मशीन काढा. इंग्रजी तुमचं, रेकॉर्ड माझं."

तुमच्या आजोबांच्या वकिलीचा टाइपरायटर घरात होता आणि मला नागपूरच्या कॉलेजातलं इंग्रजी येत होतं. रोज दुपारी दोनला ते पत्रांची पेटी घेऊन येत. त्यांना सरकारी इंग्रजीशिवाय दुसरं इंग्रजी ठाऊक नव्हतं. पहिलंच वाक्य त्यांनी सांगितलं ते असं, की सविनय निवेदन आहे की उपरोक्त शाळा अस्तित्वात आली. मी म्हटलं, "बडेबाबू, अजून वर काहीच उक्त नाही." ते रागावून दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन वाजता आले आणि पेटी उघडत म्हणाले, "बरं, उपरोक्त काढा. पण सविनय राहू द्या."

भांडण झालं ते शेवटच्या रकान्यावरून. सगळी नावं टाइप झाली तेव्हा मी म्हटलं, मूळ गावाचा रकाना गाळू या. पानोपान कोरा, वाईट दिसतं, आणि अमेरिकी माणसाला त्याचा अर्थही कळायचा नाही. बडेबाबूंनी चष्मा काढला.

"वैनी, माझे वडील रेल्वेत पॉइंट्समन, सारखी बदली. सात शाळा झाल्या माझ्या. मॅट्रिकच्या फॉर्मले दाखला पाहिजे होता, अन् एका शाळेचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. साहेब म्हणे, तू त्या शाळेत होता याले पुरावा काय? वर्ष गेलं माझं. एक वर्षभर मी कुठलाच नव्हतो." मग म्हणाले, "हे पोट्टे तिथे होते. कोणी तरी लिहून ठेवलं पाहिजे का नाई? अन् रकाना कोरा आहे म्हून काहून काढता? त्यायले भरू द्या न."

रकाना राहिला. माथ्यावर मी आपल्या इंग्रजीत 'नेटिव्ह प्लेस' असं टाइप केलं. गठ्ठा सौंसरच्या पोस्टात द्यायला त्यांचा जीव धजेना. छोट्या गाडीनं ते स्वतः नागपूरच्या मोठ्या पोस्टात गेले. पाच तास गठ्ठा मांडीवर. शेजारच्या बाईनं तान्हं मूल धरायला दिलं तर म्हणाले, "माझ्याजवळ आधीच आहेत जी, लय आहेत."

मग मे गेला, जून गेला. पत्र नाही. बडेबाबू पोस्टमनला लांबून बघून घरात जायचे, म्हणजे नाही म्हणताना त्याचं तोंड बघायला नको. काकूनं मला हळूच सांगितलं, "जर्मनीच्या घड्याळाले चावी देणं सोडलं यायनं." घरात साडेचार तास मागे काहीच उरलं नव्हतं, आणि घर फार शांत वाटत होतं.

ऑगस्टात जाड पाकीट आलं. त्यांनी ते फोडलं नाही, माझ्याकडे आणलं. "वाचा तुम्ही. मराठीत सांगा, सावकाश."

मिस डोरा मेळाव्यासाठी मुद्दाम जर्मनीला गेली होती. इतिहास छापून वाटला गेला, आणि आमची टाइप केलेली यादी दारातच एका लांब टेबलावर मांडली होती. नेटिव्ह प्लेस म्हणजे काय, हे कुणालाच कळेना. मग ती टेबलाशी उभी राहिली आणि बडेबाबूंनीच तिला कधीतरी लिहिलं होतं ते तिनं सांगितलं, की जिथे सणाला परत जातात ते गाव. त्यानंतर रांग लागली. टक्कल पडलेले, मिशीवाले, कडेवर पोरं घेतलेले लोक पेन हातात घेऊन कितीतरी वेळ उभे राहत. कुणी तीन नावं लिहून तिन्ही खोडली होती. बहुतेकांनी शेवटी त्या शाळेचंच नाव लिहिलं होतं. पाकिटात त्या पानांच्या झेरॉक्स होत्या. आणि एकानं लिहिलं होतं, 'मला नक्की माहीत नाही, सौंसरच्या बाबूंना विचारा.'

"वाचा जी, परत वाचा ते," बडेबाबू म्हणाले. मी चार वेळा वाचलं. मग ते उठले, तडक घरी गेले, आणि थोड्या वेळानं समोरून घड्याळाला चावी दिल्याचा कर्रकर्र आवाज आला. संध्याकाळपर्यंत सौंसरच्या प्रत्येक दुकानात जर्मनीतला मेळावा पार पडला होता.

बडेबाबू जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकू मुलीकडे मोहगावला गेली, जाताना रजिस्टरं माझ्याकडे ठेवून गेली. परवा चौथं रजिस्टर सहज उघडलं, तर शेवटच्या पानावर, त्या सगळ्या अमेरिकी मुलांच्या खाली, त्यांच्या थरथरत्या अक्षरात तुमची दोघांची नावं आहेत. वडिलांचा व्यवसाय, इंजिनिअर. शाळा सोडण्याचं कारण, वडिलांची बदली, पुढे चार शाळांची नावं, चारही देशांसकट. मीच कधीतरी बोलण्यात सांगितली असणार. मूळ गावाचा रकाना कोरा आहे.

सौंसर असं लिहून टाकायला माझा हात किती वेळा पुढे गेला म्हणून सांगू! पण ते रजिस्टर बडेबाबूंचं आहे आणि त्यांचा नियम मला ठाऊक आहे. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात ते ठेवलं आहे. शेजारी पेन्सिल आहे, तिला टोक काढलेलं आहे.