विहीणबाई आणि इंजिनाचा कोंडमारा

अख्ख्या सातारा जिल्ह्यात बंद झाकणाशी आमच्या विहीणबाईंइतकं उभं वैर कुणी मांडलं नसेल. डबा, बाटली, पेटी, खिडकी, काहीही घट्ट लावलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. साताऱ्याला त्यांच्या घरी पहिल्यांदा मुक्कामाला गेलो तेव्हा थंडी म्हणून मी खोलीची खिडकी लावून झोपलो होतो. सकाळी उठतो तो खिडकी सताड उघडी आणि विहीणबाई बाहेरून डोकावून विचारतायत, "आवं इवाई, रातभर सोताचाच वास घेत पडला हुता व्हय?" कोंडमारा हा त्यांचा लाडका शब्द. दूध उतू जावो, शेजारच्या जावाजावांचं भांडण होवो, निदान एकच: "आत कोंडलंय, भायेर यायला वाट न्हाई." आमचे व्याही फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण घरात त्यांची रँक शिपायाची आहे आणि ते ती आनंदाने सांभाळतात.

या बाई इंजिनाच्या नादी लागल्या त्या उसापायी. नवरा सरहद्दीवर, रानात पाण्याचं डिझेल इंजिन, ते बंद पडलं की मेस्त्री चार-चार दिवस फिरकायचा नाही आणि इकडे ऊस माना टाकायचा. एक दिवस त्यांनी पदर खोचला आणि पाना हातात घेतला, तो आजतागायत खाली ठेवलेला नाही. नव्या टर्बोच्या गाड्या त्या मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकल्या, तेही तमिळमधले. "तुम्हाला तमिळ कळतं?" असं मी विचारलं तर म्हणाल्या, "भाषेचं काय घिऊन बसलाय? पाना कुटं बसतो त्ये दिसतंय की!" माझ्या मुलीच्या लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकेला दिवे गेले आणि नवरदेवाची आई गायब. सगळा मांडव शोधतोय. सापडल्या त्या मांडवामागे, जनरेटरपाशी, भरजरी शालूत उकिडव्या बसून. "डिझेलात हवा धरलीया," त्यांनी मान वर न करता सांगितलं, "भटजीस्नी म्हणावं, वाईच दम धरा." भटजींनी धरला. काय करतात बिचारे.

पण त्यांची खरी धास्ती मी घेतली ती त्याआधी, मुलगी बघायला आले त्या दिवशी. आमच्या घरी पोहे फिरत होते, पत्रिका निघाल्या होत्या, आणि या बाई उठून पोर्चमध्ये गेल्या. मला माझ्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. ऑइल बघायची पट्टी बाहेर ओढली, दोन बोटांत ऑइल चोळलं, नाकाशी नेलं आणि आत येऊन सगळ्यांदेखत निकाल दिला, "ऑइल येळच्या येळी बदलत्यात. पोरगी चांगलीच वाढवली आसणार." माझी बायको या वाक्यावर अजून धुमसते आहे. मी मात्र तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून एवढी शाबासकी कधी मिळवली नव्हती. छाती फुगली माझी.

आणि त्या फुगलेल्या छातीनंच घात केला. जावईही फौजेत, दूरच्या पोस्टिंगवर. मुलीची नोकरी शिरवळच्या एका कारखान्यात, मालाची तपासणी करायची. पहिल्या पाळीला साताऱ्याहून वेळेवर पोचवील अशी बस नाही, म्हणून लग्नानंतर मी माझी गाडी तिला दिली. ती न्यायला माहेरी आली होती. निघायच्या आदल्या दिवशी पोर्चच्या फरशीवर ऑइलचा एक थेंब दिसला. एकच थेंब! इंजिनाच्या वरच्या झाकणापासून निघणारी एक रबरी नळी आहे, तिचा सांधा पाझरत होता. हा थेंब विहीणबाईंच्या अंगणात पडला तर? माझी झोपच उडाली. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, गुंडाळी करून नळीच्या तोंडात दाबून बसवला, वरून क्लिप आवळली. थेंब बंद. स्वतःवर इतका खूश झालो की बायकोला दोनदा दाखवलं.

चार महिन्यांनी मुलीचा रडवेला फोन. गाडी निळा धूर सोडते, जिथून तिथून ऑइल गळतं, पट्टी आपोआप वर उडते. गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवा, नाहीतर गाडी मोडीत काढा. "बाबा, आठवडाभर रजेवर आहे. गाडी नसेल तर नोकरी सोडावी लागेल." मी मिळेल ती एसटी पकडून साताऱ्याला गेलो. त्या ट्यूबची मला आठवणसुद्धा नव्हती. डोक्यात एवढंच, की सडकं इंजिन मुलीच्या गळ्यात बांधलं आणि आता विहीणबाई काय म्हणतील.

विहीणबाईंनी चहाही विचारला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मुलीला त्यांनी गाडीत बसवून इंजिन चालू करायला लावलं, ऑइल ओतायचं टोपण काढलं आणि उलटं करून नुसतं भोकावर ठेवलं. टोपण तव्यावरच्या लाहीसारखं उड्या मारायला लागलं. "बगितलं? पोटात कोंडमारा झालाय," त्या म्हणाल्या. "इवाई, पिस्टनच्या कडंनं वाईच गॅस खाली उतरतोच, नव्या गाडीत बी. त्यो भायेर गेला पायजे. आता परशन दोनच. रिंगा झिजून गॅस लय उतरतोय, का वाट बंद हाय?" "आणि टर्बो? धूर सोडतोय की," मी भीतभीत विचारलं. "आवं, टर्बोचं ऑइल खाली पोटात उतरतं. पोटच गच्च, तर त्ये उतरणार कुटं? धुराड्यातनं जातंय. टर्बोवर उगं आळ."

मग शेजारी चाललेल्या बांधकामावरून सुभेदारांनी गवंड्याची लेव्हलची नळी आणली, ती पारदर्शक, पाणी भरून भिंतीची पातळी बघतात ती. विहीणबाईंनी ऑइलचं टोपण परत घट्ट लावलं, पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं, नळीला बाक देऊन पाणी मध्ये धरलं, एक टोक पट्टीच्या भोकात चिंधी गुंडाळून बसवलं आणि दुसरं सुभेदारांच्या हातात दिलं. सुभेदार सावधान उभे. लाल पाणी त्यांच्या बाजूला चढायला लागलं. एक बोट, दोन बोटं, चार बोटं. "रेस कर गं," विहीणबाई ओरडल्या आणि पाणी वीतभर चढलं.

आता त्या वरच्या रबरी नळीकडे वळल्या. क्लिप सोडवली. नळी इंजिनापासून ओढून काढली मात्र, फुस्सऽऽ करून मोठा सुस्कारा आला आणि सुभेदारांच्या हातातलं पाणी झपकन खाली बसलं. दोन्हीकडे सारखं. विहीणबाईंनी इंजिनाच्या उघड्या तोंडावर तळहात धरला. मीही धरला. आत झिजलेलं असतं तर किटलीसारखी वाफ आली असती. इथे झोपलेल्या बाळाचा लागावा तेवढाच श्वास लागत होता. "रिंगा शाबूत हायत!" त्या म्हणाल्या. "इंजिनाला धाप न्हाई लागली. कुनीतरी तोंड दाबलंय त्येचं."

मग त्यांनी नळीत बोट घातलं आणि काहीतरी उपसून काढलं. काळं, बुळबुळीत, ऑइल पिऊन पुरीसारखं टम्म फुगलेलं. क्षणभर मला कळलं नाही. मग कळलं आणि वाटलं, याच बॉनेटखाली डोकं घालून ते वरून लावून घ्यावं. विहीणबाईंनी त्या रबराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा वाचायला तमिळही यायची गरज नव्हती. त्यांनी मूठ मिटली, गाडीकडे पाठ केली आणि मोठ्याने म्हणाल्या, "घान अडाकली हुती गं पोरी! साफ केली. इंजिन झकास हाय तुज्या बाबांचं!" आणि मला हळूच, "इवाई, आमच्या अंगनात गाईचं शेन पडतंय रोज. एका थेंबानं काय हुतंय?" मूठ तशीच घेऊन त्या चहा टाकायला आत गेल्या.

नवी नळी बसली. मुलीनं महामार्गावर लांब फेरी मारून आणली. धूर नाही, पट्टी जागच्या जागी. ती उतरली तीच हसत, म्हणाली, "उद्या पहिल्या पाळीला जाते." मी तीन कप चहा प्यालो. तिचा फोन आल्यापासून पहिल्यांदाच मला चहाची चव लागली.

परतीच्या एसटीत कऱ्हाडच्या अलीकडे तिचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती. "बाबा, बॉनेटच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. ती सायकलची ट्यूब ना? पोर्चमध्ये तुम्ही कापत होतात तेव्हा मी पाहिलं होतं. आत्यांना वाटतंय घाणच होती. मी काही बोलले नाहीये हं, तुम्हीही बोलू नका." तिकडे सासूला आत्या म्हणतात.

"नाही बोलत," मी म्हणालो.

आमच्या घरात चूक सापडली की ती मोठ्याने वाचून दाखवायची रीत. ती माझीच. या मुलीचे गणितात दोन मार्क कमी पडले तर मी ते सगळ्या आळीला सांगायचो. कुणाची चूक अशी मुठीत झाकायची, हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. जिवावरचं ओझं उतरलं होतं, बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं. पण खरं सांगतो, पोरगी सासरची झाली हे मला लग्नात कळलं नव्हतं. ते त्या एसटीत कळलं.