फुलाफुलाच्या कापडातल्या गोळ्या

माझी नात इथे दुबईत, ऊद मेथाच्या शाळेत शिकते. एकदा तिला सांगितलं की लग्नानंतर मी बंदुकीच्या गोळ्या ओतायचे, तर ती हसून म्हणाली, "नो वे, नानी!" मी वाद घातला नाही. पण गोष्ट खरी आहे, आणि ती माझ्या चुकीपासूनच सांगावी लागते.

साठच्या दशकाची सुरुवात होती. हा देश अजून देश झाला नव्हता. रत्नागिरीच्या खाडीकाठचं माहेर सोडून मी नवऱ्यामागे रास अल खैमाला आले. ते बाजारातल्या एका दुकानात बंदुका दुरुस्त करायचे. पहारेकऱ्यांची रिव्हॉल्व्हरं यायची, तशा डोंगरातल्या लोकांच्या आज्या-पणज्यांच्या वेळच्या शिकारी रायफलीही यायच्या. त्या रायफलींची तयार काडतुसं कुठे मिळत नसत. मग वापरलेली पितळी काडतुसं पुन्हा भरायची आणि त्यांच्यासाठी शिशाच्या गोळ्या आपणच ओतायच्या. रिव्हॉल्व्हरची गोळी बुटकी असे. रायफलची माझ्या अंगठ्याएवढी जाड, आणि पहिल्यांदा तळहातावर घेतली तेव्हा तिच्या वजनाने मी दचकले होते. दुकानात जागा नव्हती, म्हणून ओतकाम आमच्या अंगणात चाले.

शिसं मिळायचं ते मासे मारणाऱ्यांकडून, जुन्या जाळ्यांना लावलेलं. माझे वडील खाडीकाठी जाळ्याचं शिसं ओतायचे, त्यामुळे ती टोपली बघूनच मला माहेर भेटल्यासारखं झालं. त्या शिशाला मीठ आणि वाळू चिकटलेली होती. समुद्रातली वस्तू घरात आली की गोड्या पाण्याने धुवायची, ही आमच्याकडची सवय. मी ते शिसं घासून घासून धुतलं आणि तासभर उन्हात ठेवलं. वरून सुकलं. पण जाळ्याच्या शिशाला दोरीसाठी आरपार भोक असतं, आणि त्या भोकांत पाणी राहिलं होतं. नवऱ्याने त्यातलं मूठभर वितळलेल्या शिशाच्या कढईत टाकलं आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. आतल्या पाण्याची वाफ होऊन तापलेलं शिसं उडालं होतं. डोळे वाचले. त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. मला स्वतःचीच चीड आली.

तिसऱ्या दिवशी दुकानाचा मालक आला. मी पडद्याआड उभी होते. त्याने हाताकडे बघून हळहळ केली आणि मग सरळ मुद्द्यावर आला. "डोंगरातला म्हातारा महिन्याच्या शेवटी येणार. त्याला चाळीस गोळ्या पाहिजेत. नाही झाल्या तर मी दुबईहून दुसरा माणूस आणतो, आणि तुम्ही पुढच्या बोटीने घरी. खलास."

तो गेल्यावर मी म्हटलं, "गोळ्या मी ओतते."

"वेडी आहेस का? हे बायकांचं काम आहे?"

"हात माझ्यामुळे भाजला ना? मग काम पण मीच करणार. तुम्ही नुसतं सांगा."

ते खाटेवर बसून सांगू लागले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे मला त्या महिन्यात उंटांच्याच मुलखात कळलं. पळी अशी धर, हात हलवू नकोस, थांब, आता साच्यात ओत. पहिल्या दिवशी मी रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांवर हात बसवला. सगळ्या सुरकुतलेल्या निघाल्या. ते काही बोलणार तेवढ्यात मी म्हटलं, "जरा गप्प बसा." पहिलं घावण तव्याला चिकटतंच, तवा तापला की पुढची नीट सुटतात. साचाही तसाच निघाला. सुरुवातीच्या आठ-दहा गोळ्या परत कढईत टाकल्या की पुढच्या छान गुळगुळीत निघत.

मग मी रायफलच्या गोळ्यांना हात घातला. इथे खरी मेख होती. गोळी दिसायला गुळगुळीत असली तरी तिच्या पोटात हवेचा फुगा राहू शकतो. अशी गोळी वजनाला हलकी भरते आणि उडाली की सरळ जात नाही. म्हणून मी एक चांगली गोळी निवडली आणि लहान काट्यात तिच्यासमोर प्रत्येक गोळी तोलली. दहातल्या तीन-चार परत वितळवाव्या लागत.

"बाहेरून काही दिसत नाही, चालेल," ते म्हणायचे.

"दिसत नाही म्हणूनच चालणार नाही," मी म्हणायचे.

महिनाभर दुपारची शेगडी पेटवून मी त्या धगीत बसले. मनगटावर दोन डाग पडले, ते अजून आहेत. चाळीस गोळ्या झाल्या तेव्हा त्यांना मेण आणि चरबी लावली. मऊ शिशाला धक्का लागला तरी पोचा पडतो, म्हणून माझ्या जुन्या फुलाफुलाच्या झग्याचे तुकडे करून एकेक गोळी गुंडाळली आणि डब्यात भरली. म्हातारा आला, डबा घेऊन गेला, आणि आमची बोट टळली.

पुढच्या फेरीला तो खाली आला तो मिठात सुकवलेला डोंगरी बकऱ्याचा खांदा घेऊन. त्यांच्याकडे रीत होती की पहिल्या शिकारीचा खांदा गोळी ओतणाऱ्या हाताला द्यायचा. नवऱ्याने तो घरी आणला, मी शिजवला. ते बोटं चाटत जेवले. उरलेलं मी जेवायला बसले तेव्हा सहज विचारलं, "म्हातारा काय म्हणाला?"

"अशा गोळ्या आयुष्यात मिळाल्या नाहीत म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

ते पाण्याचा तांब्या शोधू लागले. मला कळायचं ते कळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यांचा हात अजून पुरता बरा नव्हता, म्हणून भांडण काढलं नाही.

हात बरा झाल्यावर पुढच्या चाळीस त्यांनी ओतल्या. तोलायचा त्यांना कंटाळा. महिन्याने म्हातारा आला तो खांद्याशिवाय. अर्ध्या गोळ्या त्याने परत दिल्या आणि म्हणाला, "उस्ताद, मला त्या आधीच्या पाहिजेत." मालकही तिथेच होता.

त्या संध्याकाळी नवऱ्याने साचा आणून माझ्यापुढे ठेवला. मी हातही लावला नाही.

"ओतेन. पण आधी त्याला सांगा कोणी ओतल्या ते."

"लोक काय म्हणतील? मालकाने काढून टाकलं तर?"

"तर जाऊ घरी. खाडीवर जाळ्याचं शिसं ओतीन, पण पोकळ गोळीसारखी राहणार नाही."

रात्रभर ते कूस बदलत होते. सकाळी म्हातारा डोंगराकडे निघायच्या आत त्यांनी त्याला दुकानात गाठलं आणि मालकासमोर सगळं सांगितलं. हे मला त्यांनीच येऊन सांगितलं, मान खाली घालून. म्हातारा खदखदून हसला होता. "फुलाफुलाचं कापड कुठला उस्ताद वापरतो? मी पहिल्याच दिवशी ओळखलं. तू कधी बोलतोस ते बघत होतो." मालकाने फक्त विचारलं, चाळीस कधी होतील.

पुढच्या वेळी म्हातारा दुकानात गेलाच नाही. आमच्या दाराशी आला, परक्या बाईकडे बघायचं नाही म्हणून पाठ फिरवून उभा राहिला, उंबऱ्यावर खांदा ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "हा गोळी ओतणाऱ्या हाताचा."

तो खांदा मी शिजवला. आमच्यात आधी पुरुष जेवायचे, मग बायका. त्या दिवशी मी ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं, तर त्यांनी ते भाजल्याच्या खुणा असलेल्या हाताने माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "आधी तू." मी जेवले, आणि ते बसून राहिले.