मांडे करणारीचे पाय

गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी जळगावातल्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणात मी मांडे केले. दोन्ही पायांच्या पंजांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या होत्या. त्या घरच्या वहिनींनी दिल्या. बांधायला सुतळीही त्यांनीच दिली.

मी पारोळ्याजवळच्या गावची. मांडे करणं हे माझं काम. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. लग्न, बारसं, उत्तरकार्य, जिथून बोलावणं येईल तिथे जायचं. आखाजी हा लेकींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके घेतात. त्या दिवशी मी दुसऱ्यांच्या लेकींसाठी मांडे करते. माझी आई माझी वाट बघत नाही. तिला सवय आहे.

त्या घरी पितरांच्या घागरीला नैवेद्य दाखवायचा होता. आंघोळ करून अनवाणी स्वयंपाक, असा नियम. चप्पल फाटकाजवळ काढली. वहिनींनी पाय धुवायला सांगितले. धुतले. त्या म्हणाल्या, ‘‘नीट धू.’’ पुन्हा धुतले. फरशीवर घासून अंगठ्याचं नेलपेंट सुटलं. खालचं नख दिसलं. पिवळं, जाड, कडेने भुगा झालेलं.

‘‘ईऽ! हे काय गं?’’

‘‘नख खराब झालंय, वहिनी.’’

‘‘तुमच्यात पाय धुवत नाहीत का?’’

त्यांच्या नणंदा मागच्या दारात चहा घेत होत्या. एक म्हणाली, ‘‘वहिनी, पितर दारातूनच परत जातील हं.’’ सगळ्या हसल्या. मीही हसले.

सणाच्या सकाळी दुसरी बाई मिळाली नसती. म्हणून मला परत पाठवलं नाही. पिशव्या आल्या.

नेलपेंटचं सांगायला हवं. नखं दोन वर्षांपासून खराब होती. आमचं काम ओल्यातलं. डाळ धुवायची, भांडी घासायची, धुतलेल्या अंगणात दिवसभर बसायचं. आधी अंगठ्याच्या कडेला पांढरा डाग आला. मग नख पिवळं पडलं. मग शेजारची बोटं. कोणी व्हिनेगर सांगितलं, ते पाण्यात घालून पाय बुडवले. कोणी कडुलिंबाचं तेल सांगितलं, ते लावलं. मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणली. नख कानशीने घासलं. काही दिवस बरं दिसायचं, पुन्हा तेच. एका लग्नघरी बायका पायांकडे बघून कुजबुजल्या, तेव्हा लाल नेलपेंट आणलं. प्रत्येक कामाच्या आधी जुन्यावर नवा थर चढवायचा. मला वाटलं, झाकलं म्हणजे भागलं. आतून ते वाढत होतं.

चुलीजवळ पिशव्यांच्या आत घाम साचला. पाय शिजल्यासारखे झाले. नणंदांपैकी कोणीतरी मोबाइल काढला. फोटो माझ्या हातांचा घेतला की पायांचा, ते मला माहीत नाही.

अर्धे मांडे झाले होते. चुलीतला निखारा फुटून उडाला आणि उजव्या पायावर पडला. पिशवी वितळून बोटांना चिकटली. मी ओरडले. हातांवरचा मांडा खाली पडला.

वहिनी धावत आल्या. म्हणाल्या, ‘‘अगं, मांडा!’’

मी पायाकडे बघत होते. त्या मांड्याकडे बघत होत्या.

मी सुतळी सोडली. डाव्या पायाची पिशवी काढली. उजव्या पायाची ओढून काढली, तिच्याबरोबर थोडी कातडी आली. हात धुतले. उरलेल्या उंड्यांवर ओलं फडकं झाकलं.

‘‘कुठे निघालीस? नैवेद्य व्हायचाय.’’

‘‘बाकीचे तुम्ही करा.’’

‘‘लाज नाही वाटत? सणाच्या दिवशी?’’

वाटत होती. तोपर्यंत रोज वाटली होती. मी फाटकाशी गेले, चप्पल हातात घेतली, कारण पायात जात नव्हती, आणि बसस्टँड गाठलं. बसमध्ये बायका माहेरी निघाल्या होत्या. हातांवर मेंदी होती. एकीने मला जागा दिली. पाय बघून विचारलं, ‘‘भाजलं का ताई?’’ मी हो म्हटलं.

आई दारात बसली होती. ‘‘दखाड बरं पाय,’’ म्हणाली. भाजलेलं बघितलं, मग नखं बघितली. नखांचं तिला आश्चर्य वाटलं नाही.

‘‘हाऊ काय रोग शे? बायास्ना पाय असाच ऱ्हातस.’’

तिने लुगडं घोट्याच्या वर घेतलं. दहाही नखं तशीच. काळपट, शिंगासारखी, दोन बोटांवर नख नव्हतंच. मी तिच्या पाया किती वेळा पडले असेन. नखं कधी बघितली नव्हती. ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोरीत भांडी घासत आली. तिने कोणाला विचारलं नाही. विचारायचं असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

भाजलेलं भरल्यावर तिने बिब्बा आणला. सुईला टोचून दिव्यावर धरला आणि तेल निघालं ते नखाच्या मुळाशी लावलं. ‘‘जराक जयी. सोस माय,’’ थोडं जळेल म्हणाली. तिच्या आईने तिला हेच केलं होतं. सकाळपर्यंत पाय सुजला, फोड आले, पाणी सुटलं. आई पायाशी बसून रडली. तिला वाटलं, मांडे करणारे पाय तिने घालवले.

मग धुळ्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी माझा पाय उचलून स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. हातमोजे होते. तरी घेतला. घरी काय काय लावलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, नेलपेंटसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘बुरशी आहे. ओलाव्यात वाढते, झाकली की जास्त. तुमची चूक नाही, पण घरच्या घरी आता काही लावू नका.’’ नख खरवडून तपासायला पाठवलं. रक्त तपासून मग गोळ्या दिल्या. पाय कोरडे ठेवायचे आणि ओल्या जागेत अनवाणी बसायचं नाही. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण यायला वर्षाहून जास्त लागतं, हेही सांगितलं.

मी म्हटलं, ‘‘आईचंही बघा.’’ आई पाय मागे घेत होती. मी तिचं लुगडं वर धरलं.

आता कामाचा फोन आला की आधी सांगते. माझ्या नखांना बुरशी झाली आहे, औषध चालू आहे. हात धुऊन, डोक्याला फडकं बांधून काम करीन. पायात चप्पल राहील. नैवेद्याचा स्वयंपाक असला तरी राहील. चालत असेल तर बोलवा.

परवा धुळ्याहून एका बाईंचा फोन होता. सगळं ऐकून म्हणाल्या, ‘‘अहो, एवढं सांगायची काय गरज? न सांगता आला असतात तर कोणाला कळलं असतं?’’

मी म्हटलं, ‘‘मला.’’

त्यांनी घरात विचारून कळवते असं सांगितलं. कळवलं नाही. आखाजी आठवड्यावर आली आहे. अजून एकाही घरून बोलावणं आलेलं नाही. अट मी बदललेली नाही.