ऑगस्ट संपेपर्यंत

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हा वाटलं, आता सांगायला कुणी उरलंच नाही, म्हणजे सुटलो. सुटलो कसला? खांदा कॉलनीतल्या या दोन खोल्यांत सकाळपासून चार वेळा उठून खिडकीशी गेलोय, परत येऊन बसलोय. आज लिहूनच टाकतो. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही — तेच बरं आहे.

मी विम्याचा एजंट होतो. पनवेलला एसटी स्टँडच्या मागे माझं टेबल होतं. स्कूटर, ट्रक, तळोज्याची गोदामं, हे रोजचं काम. वेगाची बोट मात्र आयुष्यात एकच केली. एका बिल्डर शेठची. उरणच्या बाजूला जेट्टीवर असायची — पांढरी, दोन इंजिनांची, नाक वर करून पळणारी. तुम्ही कधी बसलाय तसल्या बोटीत? विमा कंपन्यांना तिची धास्तीच असते. पाण्यात तरंगणारं लाकूड मासेमारीच्या बोटीला ठोकर देतं, हिला फाडून जातं. त्यामुळे कंपन्या आधी नाहीच म्हणायच्या, आणि हो म्हटलं तर हप्ता असा सांगायच्या की शेठ माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "अहो, विमा उतरवताय की दुसरी बोट विकताय मला?"

त्याच्या इमारती, गाड्या, सगळ्यांचा विमा माझ्याकडे होता. हा गेला तर सगळंच जाणार. मग मी — नाही, ते नंतर सांगतो. आधी काशिनाथ.

काशिनाथ त्या बोटीचा तांडेल. बोट चालवायची, धुवायची, राखायची, सगळं तोच. कोळीवाड्यातला, चाळिशीचा, समुद्राला न भिणारा आणि कागदाला फार भिणारा. बोटीच्या विम्यात त्याच्या अपघाताचाही विमा होता, त्यामुळे काहीही करायचं तर आधी मला फोन. "कागदाला चालंल ना?" हा ठरलेला प्रश्न. जेट्टीवरचे लोक चिडवायचे, "बायकोला नाय इचारत तेवढा एजंटला इचारतो!" तो हसायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायचा.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा ऑगस्ट संपायच्या बरीच आधी आली. कोळ्यांनी समुद्राला नारळ वाहिला. तो वाहिला की समुद्र उघडतो, होड्या पाण्यात जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी उरलेला नारळीभात खात होतो आणि काशिनाथचा फोन आला.

"सायेब, नारल सोडला काल. शेठचे पावणे येनार हायेत, बोट काढ बोलतान. कागदाला चालंल ना?"

मी म्हणालो, "काढ रे. नारळ सोडला ना? मग समुद्र उघडला."

इतकंच. तीन वाक्यं. घास हातात होता.

चौथ्या दिवशी बोट एका ओंडक्यावर गेली. पावसाळ्यात खाडीत काय काय वाहून येतं, तुम्हाला ठाऊक असेल. काशिनाथ एकटाच होता बोटीत — पाहुणे यायच्या आधी फेरी मारून बघत होता. बाहेर फेकला गेला आणि उजवा हात इंजिनाच्या पंख्यात आला. कोपराखाली काही उरलं नाही.

कंपनीचा तपासनीस जेट्टीवर आला. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. शेठ उभाच होता. काशिनाथ पट्टीतला हात मांडीवर ठेवून बसला होता. तपासनीसाने अट वाचून दाखवली — ऑगस्ट संपेपर्यंत बोट किनाऱ्यावर ओढून ठेवायची, पाण्यात उतरवायची नाही. मग विचारलं, तांडेलला हे कुणी सांगितलं होतं का? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी स्पष्ट सांगितलं होतं," मी म्हणालो. "ऑगस्ट संपेपर्यंत काढू नकोस म्हणून."

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखं. मग म्हणाला, "सायेब बोलतान तर तसाच असंल."

तपासनीसाने ते लिहून घेतलं. ना बोटीचं काही मिळालं, ना हाताचं. कागदावर सही शेठची स्वतःची होती, त्यामुळे त्याचा राग निघाला तो काशिनाथवर — त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. पुढे कुणी त्याच्या हाती बोट दिली नाही — आणि हात एकच होता म्हणून नव्हे. अट मोडून बोट काढणारा तांडेल, असं त्याचं नाव झालं.

हे वाचून तुम्ही म्हणाल, माणूस घाबरला, खोटं बोलला. माझी कबुली तेवढीच असती तर बरं झालं असतं. मीही वर्षानुवर्षं स्वतःला तेवढंच सांगत आलो — फोनवर मी अट विसरलो, आणि नंतर घाबरलो.

मी विसरलो नव्हतो.

ती अट मीच घातली होती. आमच्याकडे गिऱ्हाइकं कोऱ्या फॉर्मवर सही करून जायची, भरायचा एजंटने. पावसाळ्यात बोट जितके दिवस किनाऱ्यावर, तितका हप्ता कमी. शेठ हातचा जाऊ नये म्हणून मी ती मुदत ऑगस्टअखेरपर्यंत ताणली. शेठला सांगितलं नाही — हप्ता कमी केला एवढंच सांगितलं आणि शाबासकी घेतली. काशिनाथला सांगितलं नाही. त्या दुपारी 'नको काढू' म्हटलं असतं तर त्याने शेठला सांगितलं असतं, शेठने 'का?' विचारलं असतं, आणि मला ती ओळ दाखवावी लागली असती. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मनात आलं. ओंडक्याचंही मनात आलं. खरंच आलं. तरी म्हणालो, काढ.

गेल्या महिन्यात एका लग्नाला उरणला गेलो होतो. पाय आपोआप जेट्टीकडे वळले. काशिनाथचा मुलगा आता तसलीच बोट चालवतो. तो दोर सोडत होता आणि मागून कुणीतरी ओरडलं, "कागद बघ रे आधी! बापावानी करू नको!" सगळे हसले. पोरगाही हसला, मान खाली घालून. बाप तिथेच बसला होता — पायाच्या अंगठ्यात जाळं धरून डाव्या हाताने विणत. त्याने ऐकलं नसेल? मला बघून उठला, फळकुटावर जागा केली. "बसा सायेब." चहा मागवला. मी बसलो. चहा प्यायलो. आणि घरी आलो.

तेव्हापासून बसवत नाही.

काल काशिनाथच्या मुलाच्या नावे पोस्टात पत्र टाकलं, खाली माझं पूर्ण नाव लिहून. जेट्टीवर वाचून दाखवायचं की फाडून टाकायचं, ते त्याचं तो बघेल. वर लिहिलेलं सगळं त्यात नाही. तीनच ओळी आहेत.

तुझ्या वडिलांनी मला विचारलं होतं. मला अट माहीत होती. मी 'काढ' म्हणालो.