तिन्ही तुकड्यांना सारखंच

एकच गोष्ट सगळ्यांना सारखी कळवता येते, यावर मनापासून श्रद्धा असलेला एकच माणूस मी पाहिला : आमचे विभागप्रमुख. सोलापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक विषय आम्ही तिघं एकाच वेळी तीन वर्गांत शिकवतो. ‘अ’ तुकडी एका मॅडमकडे, ‘ब’ माझ्याकडे, ‘क’ सरांकडे. कॉलेजला दर्जा देणारी समिती येणार असं कळलं आणि सरांना सारखेपणाचं वेडच लागलं. तिन्ही वर्गांत तीच स्लाइड, तेच उदाहरण, विनोदसुद्धा तोच आणि त्याच जागी. लग्नाला गेले तर पहिल्या पंगतीत जेवून शेवटच्या पंगतीतही थोडा भात वाढून घेत आणि हळहळत, “तसा न्हाय राहिला.”

सर मूळचे मंगळवेढ्याचे. ठिसूळपणा शिकवताना ते वर्गात ज्वारीची कडक भाकरी आणत आणि काही न बोलता मोडत. तो आवाज एकदा ऐकला की पोरं व्याख्या पाठ करत नसत. समितीसाठी त्यांनी तीच भाकरी तिन्ही तुकड्यांना सक्तीची केली. मॅडमच्या वर्गानं ती प्रयोगाआधीच शेंगाचटणीबरोबर संपवली. माझी डब्यातल्या आमटीच्या वाफेनं मऊ पडलेली. “ठिसूळ पदार्थ वाकत नाही,” असं म्हणत मी ती वाकवली आणि तिची छान सुरळी झाली. मागून एकानं विचारलं, “सर, लवचिक लिहू का?”

संध्याकाळी सरांनी तिन्ही तुकड्यांतून भाकरी रद्द केली.

“तुमच्या वर्गात तरी राहू द्या की, सर,” मी म्हणालो.

“मग माझ्या पोरांना जास्त कळंल,” ते म्हणाले. “ते चालत न्हाय.”

समिती आली, खूश झाली, शाल-श्रीफळ घेऊन गेली. कॉलेजच्या फाटकावर फलक लागला.

पूर्वी सरांच्या तासाला इतर तुकड्यांतली पोरं आपापला तास बुडवून मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसत. त्यांत माझीही असत, आणि मला त्याचा राग येत नसे. आता कुणी येत नाही. तेच तर सगळीकडे मिळतं. परवा माझ्या वर्गाकडे जाताना पाहिलं, सर शिकवता शिकवता थांबून दाराकडे बघत होते. क्षणभर वाटलं, आत जाऊन मागच्या बाकावर बसावं. पण माझीही तीच स्लाइड सुरू व्हायची होती.