चार पानांचं इंग्रजी पत्र

सुट्टी संपवून अकोल्याहून अमरावतीला कॉलेजात परतताना बसमध्ये माझ्या शेजारी एक कामगार काका बसले होते. अंगात कंपनीचा निळा शर्ट, आणि एक हात खिडकीखालच्या पत्र्यावर टेकलेला.

"बेरिंग गेलं या गाडीचं. बडनेऱ्यालेच उतरा लागन," ते हसून म्हणाले. अठ्ठावीस वर्षं ते कारखान्यात मशीनला नुसता हात लावून बिघाड ओळखत आले होते, असं त्यांनीच सांगितलं.

मग त्यांनी कंपनीकडून आलेलं चार पानांचं इंग्रजी पत्र माझ्यापुढे धरलं. "तुमी शिकून राहिले ना भाऊ? वाचून सांगा. आज सही करून द्या लागते."

आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. अडखळत सांगितलं की सही केली तर एकरकमी पैसे घेऊन नोकरी सोडायची, नाही केली तर तमिळनाडूत बदली.

"माय अंथरुणावर हाय. तिले टाकून कसा जाऊ?"  मग त्यांनी हळूच विचारलं, "मी काम चांगलं केलं, असं लिवलं का त्यात कुठी?"

मी चारही पानं पुन्हा पाहिली. तसं कुठेच नव्हतं.

"लिहिलंय," मी म्हणालो.

"कोन्ती ओळ?"

मी घाबरून शेवटच्या पानावर बोट ठेवलं. सही केल्यावर कंपनीकडे पुन्हा काहीही मागता येणार नाही, असं त्या ओळीत होतं. ते त्या ओळीकडे बघत राहिले. मग माझाच पेन मागून त्यांनी खाली सही केली.

मी त्यांना थांबवलं नाही.