जिजाचा माल परत आला

डहाणूजवळच्या नरपड गावच्या जिजाच्या टोपलीतला मासा चाळीस वर्षांत एकदाही परत आला नव्हता. गिऱ्हाइकाने मासा ताजा आहे का ते कल्ला उघडून बघायला हात पुढे केला की जिजा स्वतःच तो उघडायची. "बघ! माझ्या कपाळाच्या कुंकवाशी लावून बघ, कोण जास्त लाल!"

शेजारी बसणारी तुळशी मान वेळावून म्हणायची, "कुंकू तरी कुठे ताजं आहे? सकाळी सहाचं आहे ते!"

गिऱ्हाईक हसायचं, मासा घ्यायचं. तुळशीचा मात्र तसाच राहायचा. मग तुळशीचा दिवसभर फुगा.

२०१४ साली जिजाच्या डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधांनी केस गेले. सात महिन्यांनी ती डोक्याला फडकं गुंडाळून आपल्या जागेवर येऊन बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं : "तुळशे, माझ्या जागेत तुझी टोपली शिरलीय. काढ."

अडीच वर्षं बरी गेली. २०१७ च्या मार्चमध्ये डोकं ठणकायला लागलं. एका सकाळी तिने हातात बोंबील धरला आणि त्याचं नावच तिला आठवेना. "हा... हा बघ... हा आपला..." तुळशी आधी खोखो हसली, मग तिला जिजाचा चेहरा दिसला. टोपल्या दुसऱ्या बाईच्या हवाली करून तीच तिला घरी घेऊन गेली.

फोटोत मेंदूवर तीन ठिपके दिसले. छातीतलाच आजार वर चढला होता. गुजरातच्या हद्दीतल्या एका इस्पितळात सोमवारपासून दहा दिवस किरणं घ्यायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात डहाणूच्या रक्त तपासणाऱ्या संगीताच्या लॅबमध्ये मुंबईहून एक तरुण डॉक्टरीण आली. भाविनी तिचं नाव. मराठी चांगलं, पण 'मावशी' म्हणायचं तिथे तिच्या तोंडून 'मासी' निघायचं.

"मासी, गाठीतल्या काही पेशी सुटतात आणि रक्तातून फिरतात. त्यातलीच एखादी डोक्यापर्यंत पोचते. आम्हाला त्या रक्तातच पकडायच्या आहेत. किरणं सुरू व्हायच्या आधी एकदा, सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा."

"किती असतात?"

"दीड चमचा रक्तात अब्जावधी पेशी. त्यात तुमच्या आजाराची असली तर एक, दोन, पाच. कधी एकही सापडत नाही."

जिजाचे डोळे चमकले. "म्हणजे टोपलीभर जवळ्यात खेकड्याचं एक पिल्लू!"

सुकवलेला जवळा निवडण्यात तिचा हात किनाऱ्यावर कुणी धरत नव्हतं. भुरभुरीत कोळंबीच्या ढिगात नखाएवढं खेकडं असलं तरी तिची दोन बोटं तिथेच जाऊन पडायची.

"अगदी तसंच!" भाविनीने टाळी वाजवली. "फक्त आम्ही बोटांनी नाही, चुंबकाने काढतो. त्या पेशींनाच चिकटतील असे लोखंडाचे बारीक कण सोडायचे, मग चुंबक लावायचा. पण मासी, आधीच सांगते, तुम्हाला यातून फायदा नाही. हा अभ्यास आहे. पुढे कधी बायकांचं डोकं दुखायच्या आधी रक्तावरून कळलं, तर त्यांना."

"बोंबलाचं नाव विसरायच्या आधी?"

"हो."

"मग काढ," जिजाने उजवा हात पुढे केला. "माझा माल पहिल्या प्रतीचा आहे."

शुक्रवारी संगीताने घरी येऊन रक्त काढलं. खास मसाला घातलेल्या काचेच्या नळीत ते भरलं, थर्माकोलच्या डब्यात ठेवलं आणि तीनतीनदा बजावलं, "जिजामावशी, बर्फ नाही घालायचा हं. आपल्या खोलीत असतो तेवढाच गारवा. चार दिवस टिकतं हे."

"बरं बरं," जिजा म्हणाली. डबा मुंबईला पोचवायला जिजाचा मुलगा उमेश निघणार होता. तो चपला घालेपर्यंत डबा पाच मिनिटं घरात होता.

त्या पाच मिनिटांत घात झाला.

* * *

सोमवारी सकाळी जिजाला घेऊन उमेशची ईको गाडी तळासरीच्या नाक्यावर आली. बारा वाजता पहिलं किरण, हद्द ओलांडून अर्ध्या तासाचा रस्ता. इतक्यात उमेशचा फोन वाजला. सव्वानऊ झाले होते. त्याने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"उमेशभाई, नमुना बाद झालाय," भाविनीचा आवाज पडलेला होता. "रक्त गोठलंय. सगळ्या पेशी फुटल्या. कुणी बर्फात ठेवलं होतं का?"

"छे! मी तर डबा उघडलाही नाही."

मागच्या सीटवर जिजा पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"आये?" उमेशने आरशात बघितलं. "आये, तू काही केलंस?"

"थोडासा," जिजा म्हणाली. "चुरा. नळीच्या भोवती."

"संगीताने नको सांगितलं होतं ना!"

"अरे, ती काल जन्मलेली पोर! ऐन मार्चात डहाणूहून मुंबईला माल बिनबर्फाचा धाडतात का कधी? आणि नुसता बर्फ नव्हता घातला. वर मीठ मारलं होतं चांगलं. दोन दिवस हलला नसता!"

"मीठ?" फोनमधून भाविनी किंचाळली.

बर्फात मीठ मारलं की तो जास्त कडक गार होतो आणि मासा दगड होतो, हे नरपडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दगड झालेला बोंबील सुटला की त्याचं पाणी पाणी होतं, हेही ठाऊक. ते आठवलं आणि जिजाचा हात कपाळावर गेला.

"माझा माल परत आला," ती पुटपुटली. मग ओरडली, "उमेश, गाडी बाजूला घे!"

"आये, किरणं..."

"किरणं बाराला! डॉक्टरणी, ऐक. आत्ता दुसरं रक्त दिलं तर चालेल?"

"चालेल, पण पहिल्या किरणाच्या आत काढायला हवं. त्यानंतर काढलेलं पहिला नमुना म्हणून धरता येत नाही. जादा नळी एकच आहे, ती संगीताकडे. आणि मासी, त्यासाठी इलाज चुकवायचा नाही!"

"इलाज नाही चुकवत. अकरापर्यंत संगीता आली तर आली. अकराला गाडी सुटेल. माझा शब्द."

संगीताला फोन गेला. पलीकडून फक्त "स्कूटी काढते!" एवढंच ऐकू आलं.

नाक्यावर जानीची चहाची टपरी. तळासरीच्या आठवडी बाजारात जिजा वीस वर्षं सुकट विकत होती, तेव्हापासूनची ही ओळख. जानीने बाकडं पुसलं.

"जिजाबाय, चेहरा का असा? सुकट भिजली काय?"

"त्याहून वाईट. रक्त नासलं."

"आँ! ते कसं नासतं?"

"मीठ मारलेल्या बर्फात घातलं तर."

जानीने कपाळाला हात लावला. "मी चहात मीठ घातलं तर तू मला वेडी म्हणशील. आणि तू रक्तात घातलंस?"

"रक्तात नाही गं, बर्फात!"

टपरीवरचे चार जण वळून बघायला लागले. दहा वाजले. साडेदहा झाले. उमेश ईकोभोवती घिरट्या घालत होता, जिजा रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. प्रत्येक स्कूटीला ती अर्धी उठायची. पावणेअकरा. अकराला दहा कमी. आणि मग ओढणी कमरेला खोचलेली, धुळीने पांढरी झालेली संगीता ब्रेक दाबत टपरीत जवळजवळ शिरलीच.

"हात!" ती म्हणाली.

डावा हात ऑपरेशनच्या बाजूचा, त्याला सुई लावायची नव्हती. उजव्या हाताच्या शिरा औषधांनी सुतळीसारख्या झालेल्या. संगीताने सुई घातली. काही नाही. तिच्या ओठावर घाम आला. "शीर पळतेय मावशी. हात गार पडलाय तुमचा."

"मग तापवा तो," जानी म्हणाली. तिने चहाचं पाणी हात भाजणार नाही इतपत निववलं, फडकं भिजवून पिळलं आणि जिजाच्या कोपरापासून मनगटापर्यंत गुंडाळलं. जिजा फडक्यातून निघणाऱ्या वाफेकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने माल गार ठेवूनच टिकवला होता.

"आता मूठ आवळा. सोडा. पुन्हा आवळा."

निळी शीर वर आली. संगीताने श्वास धरला, सुई आत गेली आणि नळीत लाल धार उडाली. टपरीवरच्या एकाने "आलं!" म्हणून आरोळी ठोकली, जशी होडी दिसली की किनाऱ्यावर ठोकतात.

"खुणेपर्यंत भर," जिजा म्हणाली. "मापात कमी नको."

नळी भरली. संगीताने ती हलकेच आठ वेळा उलटीसुलटी केली, डब्यात ठेवली. "हा डबा मी स्वतः पोचवते. तुमच्या घरात एक मिनिटही ठेवणार नाही."

"नकोच ठेवू," जिजा म्हणाली. "माझा भरवसा नाही."

ईको सुटली तेव्हा अकराला एक मिनिट कमी होतं.

* * *

दहाही किरणं झाली. आठवड्याभराने जिजा बाजारात आली. फार बसवत नव्हतं, टोपली लहान होती, पण त्यात बोंबील होते आणि नाव चटकन आठवत होतं. उमेश धावतच आला.

"आये, भाविनीबेनचा मेसेज! सोमवारीच आला होता, मी आत्ता पाहिला."

"मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू दे."

"'मासी, नमुना पास. एकदम ताजा. मोजणी झाली. आकडा अभ्यास संपल्यावर सांगता येईल. सहा आठवड्यांनी दुसरा द्यायचा, विसरू नका.'"

जिजाने डोळे मिटले. आकड्याचं तिने विचारलंही नाही. "ते मधलं पुन्हा वाच."

"कुठलं?"

"दुसरं वाक्य."

"'एकदम ताजा.'"

रांगेतल्या बायकांनी हसून गलका केला. तुळशीने हात नाचवले. "वा गं वा! हिच्या रक्तालासुद्धा मुंबईत गिऱ्हाईक मिळालं, आणि माझ्या बोंबलाला इथे मिळेना!"

जिजाने तिच्या टोपलीत डोकावून बघितलं.

"तुळशे," ती म्हणाली, "बर्फ कमी घाल."